मोबाइल होम: पार्कात की स्वतःच्या जमिनीवर?

अमेरिकेत साधारण २ कोटी लोक कारखान्यात बनलेल्या घरांत राहतात. साउथ कॅरोलायना, न्यू मेक्सिको, वेस्ट व्हर्जिनिया इकडे ही घरं जागोजागी दिसतात. नाव ‘मोबाइल’, पण एकदा टेकलं की बहुतेक घर जागचं हलत नाही.

पार्क म्हणजे अशा घरांना जागा भाड्याने देणारी वसाहत: घर तुमचं, जमीन पार्कमालकाची. सुरुवातीचा खर्च कमी, पाणी-सांडपाण्याची सोय तयार. खरी गोम जागेच्या भाड्यात. ते वाढवलं तर जाणार कुठे? घर हलवायला हजारो डॉलर लागतात, जुनं घर तर वाटेतच खिळखिळं व्हायचं. जमीन नावावर नसल्याने कर्जही बहुधा गाडीसारखं, वस्तूवरचं मिळतं: व्याज जास्त, मुदत कमी. न्यू हॅम्पशायरमध्ये १९८४ पासून रहिवासी एकत्र येऊन पार्कच विकत घेऊ लागले. आपल्या हाउसिंग सोसायटीचीच ही चुलत बहीण!

स्वतःच्या जमिनीवर पाया, सेप्टिक टँक, वीजजोडणी सगळं अंगावर येतं. शिवाय कित्येक ठिकाणी झोनिंगचे, म्हणजे कुठे काय बांधता येईल हे ठरवणारे, नियम अशी घरं येऊच देत नाहीत. पण रीतसर गृहकर्ज मिळण्याची शक्यता वाढते आणि जमीन आपली राहते. खेड्याकडे स्वस्त तुकडा मिळत असेल, तर मी पार्काकडे फिरकणारही नाही.