व्यसनमुक्तीच्या नावाखाली 1,17,500 रुपये लुटले

खासगी व्यसनमुक्ती सेंटरची प्रवेश फी 15,000. घरून उचलून नेणाऱ्या गाडीचे 6,500. तीन महिन्यांचे आगाऊ 54,000. 'डिटॉक्स इंजेक्शनचा कोर्स' 42,000. आईने पाटल्या मोडून हे पैसे भरले.

मी एमडी, म्हणजे मेफेड्रोन हा अमली पदार्थ, घेत होतो, लपवत नाही. ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबई पोलिसांनी आपल्या शिंदे गावात एमडीचा कारखाना पकडला, तेव्हा सगळं नाशिक हादरलं. माझ्यापर्यंत पुडी त्याच्या कितीतरी आधी पोचली होती. पोरगा रात्र रात्र जागा, घरातली भांडी विकतोय, अशा वेळी कुठली आई कागद तपासत बसते?

तरी तिने भिंतीवरचं फ्रेम केलेलं सर्टिफिकेट वाचलं होतं! ते निघालं 'उद्यम' नोंदणीचं. पिठाच्या गिरणीलाही मिळतं ते. पेशंट भरती करून घ्यायचे तर राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची नोंदणी लागते, तो नंबर आधी मागा. आईने विचारलं, डॉक्टर कुठे आहेत? "राउंडला गेलेत, मावशी." भाड्याच्या बंगल्यात, दोन खोल्यांत कोंबलेल्या पोरांमध्ये राउंड कसला? ते वाक्य आठवलं की अजून डोकं फिरतं.

महिनाभर फोन बंद. "पेशंट रडेल, खोटं बोलेल, ऐकू नका," असं घरच्यांना आधीच पढवतात. सगळा धंदा यावरच चालतो. मला गुंगीत ठेवत, कुरकुर केली की पट्टा. भेटीत आईला सांगितलं, तर तिला वाटलं व्यसन बोलतंय. फोनचा आणि भेटीचा हक्क 2017च्या मानसिक आरोग्य कायद्याने पेशंटला दिलाय. जिथे तो नाकारतात तिथून माणूस त्याच दिवशी बाहेर काढा.

एमडी हमखास सोडवणारं इंजेक्शन अस्तित्वातच नाही, हे मला सरकारी रुग्णालयातल्या मानसोपचार डॉक्टरांनी सांगितलं. मी सावरलो ते त्यांच्या समुपदेशनाने आणि एनएच्या, म्हणजे नार्कोटिक्स अ‍ॅनॉनिमस या व्यसन सोडणाऱ्यांच्या गटाच्या, मीटिंगांनी. मधे एकदा घसरलो, तरी त्यांनी परत बसवून घेतलं. एनएला फी नसते.

आणि तक्रार? पोलीस ठाण्यात म्हणे, "पैसे तुम्हीच दिलेत ना? ग्राहक मंचात जा." मारहाणीचं सांगितलं तर हवालदार आईकडे वळले, "गर्दुल्ल्याचं काय खरं धरता, ताई?" एका सरकारी कार्यालयाने दुसऱ्याकडे पाठवलं, दुसऱ्याने परत पहिल्याकडे. अर्जाची पोच द्यायला साहेब जागेवर नाहीत. एका बाईंनी तर मलाच विचारलं, "आता घेत नाहीस ना?" बंगल्याला टाळं ठोकायचं सोडून माझीच उलटतपासणी! सेंटरवाले जे बोलतात तेच हेही बोलतात, मग त्यांना भीती कुणाची?

कुणाच्या खासगी यूपीआयवर पैसे टाकू नका, पक्की पावती घ्या. घरात कुणी व्यसनात अडकलं असेल तर आधी 14446 या सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाइनला फोन करा, मोफत आहे.

सेंटरवाले आता 20,000 परत देतो म्हणतात, 'तक्रार नाही' अशी सही दिली तर. आईने दिलेली नाही. पावतीऐवजी याच सेंटरची साधी व्हाउचर ज्यांच्याकडे असतील त्यांनी ती फाडू नका, आमच्या अर्जासोबत तुमचाही अर्ज द्या.