सोनी ए७सी आणि वडिलांच्या जुन्या लेन्स : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

वडिलांचा निकॉन एफएम२ कित्येक वर्षे चिपळूणच्या घरी कपाटात पडून होता. फिल्म धुऊन देणारा ओळखीचा स्टुडिओ बंद झाला आणि त्यानंतर तो कॅमेरा कोणी हातात घेतला नाही. त्याच्यासोबतच्या तीन निकॉर लेन्स, म्हणजे ३५ मिमी एफ/२, ५० मिमी एफ/१.४ आणि १०५ मिमी एफ/२.५, टाकून द्याव्यात असे मात्र घरात कोणालाही वाटत नव्हते. वडील अधूनमधून त्यांची फोकसची कडी नुसतीच फिरवून पाहत आणि पुन्हा डब्यात ठेवत. गेल्या दिवाळीच्या आधी मी सोनी ए७सी हा फुल-फ्रेम डिजिटल कॅमेरा जुन्यात घेतला, तो मुख्यतः या तीन लेन्स पुन्हा वापरता याव्यात म्हणून. तेव्हापासून आषाढी वारीपर्यंतच्या नऊ महिन्यांचा हा अनुभव आहे. ऑटोफोकस आणि व्हिडिओ यांच्यासाठी हा कॅमेरा घेऊ पाहणाऱ्यांना यातून फारसे काही मिळणार नाही.

फुल-फ्रेमच का, म्हणजे जुन्या फिल्मच्या चौकटीएवढा सेन्सर असलेला कॅमेराच का, हा प्रश्न मला अनेकांनी विचारला. माझ्याकडे आधी त्याहून लहान, एपीएस-सी सेन्सरचा कॅमेरा होता आणि त्यावर या लेन्स मी लावूनही पाहिल्या होत्या. तिथे ५० मिमीची लेन्स ७५ मिमीसारखी दिसते, १०५ मिमीची दीडशेच्या पुढे जाते, आणि ३५ मिमीची रुंद नजर तर पार नाहीशी होते. चित्राचा मधला तुकडा तेवढा हाती येतो आणि ज्या कडांमध्ये जुन्या लेन्सचा खरा स्वभाव असतो, त्या कडा कापल्या जातात. ३६ बाय २४ मिलिमीटरच्या सेन्सरवर प्रत्येक लेन्स तिच्या मूळ अंकाप्रमाणे वागते. ५० मिमी लावून वडिलांनी टिपलेला अंगणाचा जुना फोटो मी त्याच पायरीवर बसून पुन्हा काढला, तेव्हा चौकटीत तुळशीवृंदावनापासून माडापर्यंत अगदी तेवढेच मावले.

सप्टेंबर २०२० मध्ये जाहीर झालेला हा कॅमेरा बॅटरी आणि कार्डासह ५०९ ग्रॅम भरतो. त्याच कंपनीचा ए७ थ्री साधारण ६५० ग्रॅमचा आहे, त्यामुळे फरक खांद्याला लगेच जाणवतो. परंतु ‘कॉम्पॅक्ट’ हा शब्द केवळ कॅमेऱ्यापुरता खरा आहे, हे जुन्या लेन्स लावणाऱ्याने आधीच समजून घ्यावे. निकॉन एफ माउंटच्या (माउंट म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला जोडण्याचे कडे) लेन्सला सेन्सरपासून ४६.५ मिमी अंतर लागते, कारण मूळ कॅमेऱ्यात त्या जागेत आरसा हलत असे. सोनीच्या ई माउंटमध्ये हे अंतर फक्त १८ मिमी आहे. उरलेले २८.५ मिमी ॲडॅप्टरच्या पोकळ नळीने भरून काढावे लागतात. आरसा काढून टाकल्यामुळे वाचलेली जागा आपणच पुन्हा विकत घेऊन पुढे जोडतो, आणि १०५ मिमीची लेन्स लावली की हा छोटा कॅमेरा लेन्सच्या शेपटीला अडकवल्यासारखा दिसतो. डावा हात लेन्सखाली ठेवण्याची जुनी सवय असेल तर तोल चांगला राहतो. एका हाताने फोटो काढायची सवय असलेल्यांना मात्र तो पुढे झुकलेला वाटेल.

खऱ्या अर्थाने आटोपशीर जोडी हवी असेल तर रेंजफाइंडर, म्हणजे आत आरसा नसलेल्या जुन्या कॅमेऱ्यांच्या लेन्सकडे वळावे. लायका एम माउंटचे अंतर २७.८ मिमी आहे, म्हणजे ॲडॅप्टर जेमतेम दहा मिलिमीटरचा. याच मोहापायी मी ज्युपिटर-८ ही ५० मिमी एफ/२ ची सोव्हिएत लेन्स मिळवली. झाइसच्या जुन्या सोन्नार रचनेवर आधारलेली ही लेन्स ॲल्युमिनियमची, दीडशे ग्रॅमच्या आतबाहेरची आणि सूर्य समोर आला की चित्र दुधाळ करून टाकणारी आहे. तिच्या ॲपर्चरच्या, म्हणजे उजेड आत येण्याच्या छिद्राच्या, कड्याला टिकटिक नाही, त्यामुळे ते नकळत सरकते. तरीही खिशात मावणारा फुल-फ्रेम म्हणून रविवारी सकाळी फिरायला जाताना मी हीच जोडी उचलतो. ती मूळची एक मीटरपेक्षा जवळ फोकस होत नाही. मात्र एम माउंटचा सरकता, म्हणजे लेन्स आणखी पुढे नेणारा, ॲडॅप्टर लावला की चहाच्या कपापर्यंत सहज येते, जे तिच्या मूळ कॅमेऱ्यावर कधीच शक्य नव्हते.

आता फोकसविषयी, कारण या सगळ्या खटाटोपाचा प्राण तिथे आहे. ए७सीचा व्ह्यूफाइंडर डाव्या कोपऱ्यात आहे, त्याचे विशालन ०.५९ पट आणि बिंदू सुमारे २३.६ लाख आहेत. एफएम२ च्या मोठ्या, उजळ खिडकीतून पाहण्याची सवय असलेल्याला हे दृश्य लांबून किल्लीच्या भोकातून पाहिल्यासारखे वाटते, आणि केवळ डोळ्याने अंदाज घेऊन एफ/१.४ वर (एफचा आकडा जितका लहान, तितके छिद्र मोठे आणि फोकसचा पट्टा अरुंद) फोकस साधणे जवळपास अशक्य आहे. (२०२३ मध्ये आलेल्या ए७सी टू मध्ये हेच विशालन ०.७० पट केले आहे. केवळ जुन्या लेन्स वापरायच्या असतील तर जास्त पैसे मोजण्याचे हेच सबळ कारण होय.) फोकस पीकिंग, म्हणजे स्पष्ट कडांवर रंगीत रेघा दाखवण्याची सोय, पहिल्या आठवड्यात जादू वाटते आणि दुसऱ्या आठवड्यात ती फसवते हे लक्षात येते. एफ/५.६ वर ती विश्वासाची आहे. एफ/१.४ वर मात्र डोळा, भुवई आणि कान असे सगळेच लाल झालेले दिसते आणि घरी येऊन पाहावे तर फक्त कान स्पष्ट असतो.

खरा उपाय म्हणजे विशालक. मी मागच्या बाजूच्या एका बटणाला फोकस मॅग्निफायर नेमून दिला आहे. एकदा दाबले की चित्राचा भाग सुमारे सहा पट, पुन्हा दाबले की सुमारे बारा पट मोठा होतो, आणि पापणीचा केस न् केस पाहून कडे फिरवता येते. कॅमेऱ्याला जॉयस्टिक नाही, त्यामुळे मोठा केलेला भाग मधून बाजूला न्यायला मागची चकती दाबत बसावे लागते. काही दिवसांनी मी तो नाद सोडला. मधोमध फोकस करतो आणि चौकट किंचित हलवतो. अगदी उघड्या ॲपर्चरला एवढ्या हालचालीनेही फोकस थोडा सरकतो, म्हणून अशा वेळी दोन-तीन फोटो घेतो. बसलेल्या माणसाच्या बाबतीत ही पद्धत शंभरात नव्वद वेळा साधते. धावणाऱ्या भाच्यासाठी मात्र कॅमेऱ्यासोबत आलेली २८-६० मिमीची छोटी ऑटोफोकस लेन्स लावून तो बहिणीच्या हाती देतो.

सेन्सर हलवून हाताची थरथर जिरवण्याची सोय ही या लेन्सना चाळीस वर्षांनी मिळालेली भेट आहे. १०५ मिमीवर वडील १/१२५ सेकंदाच्या खाली जात नसत. मी भिंतीला न टेकता १/१५ वर देवघरातील समईच्या उजेडात आजीच्या हातांचा स्पष्ट फोटो काढू शकलो. विशालकातून पाहतानाही चित्र स्थिर राहते, त्यामुळे फोकस करणेच सोपे होते, हा फायदा मला अधिक मोलाचा वाटतो. फक्त एक पथ्य आहे. जुन्या लेन्सला विजेचे संपर्क नसल्याने कॅमेऱ्याला तिची नाभीय लांबी, म्हणजे ३५, ५० किंवा १०५ हा मिमीचा आकडा, कळत नाही, ती मेनूत आपण लिहून द्यावी लागते. डिसेंबरमध्ये मी १०५ चा आकडा तसाच ठेवून ३५ मिमीची लेन्स लावली आणि कॅमेऱ्याने थरथर जिरवण्यासाठी सेन्सर हवा त्याच्या तिप्पट हलवला; हर्णैच्या किनाऱ्यावरची एक अख्खी संध्याकाळ त्यात हलली. चूक सर्वस्वी माझी होती. आता हा पर्याय ‘माय मेनू’त सर्वांत वर आहे आणि लेन्स बदलली की प्रथम बोट तिथे जाते. त्याच बैठकीत आणखी दोन गोष्टी करून घ्याव्यात : लेन्स नसताना शटर चालू देण्याची परवानगी द्यावी, नाहीतर जुनी लेन्स न ओळखता कॅमेरा हटून बसतो, आणि ऑटो आयएसओसाठी (सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता कॅमेऱ्यावर सोडली असताना) किमान शटर वेग स्वतः ठरवून द्यावा.

फोटोच्या माहितीत ॲपर्चरच्या जागी नुसत्या रेघा उमटतात. कोणती लेन्स, कोणता आकडा, हे मी सुरुवातीला छोट्या वहीत लिहीत असे. पावसाळ्यात ती वही भिजली आणि सवयही सुटली.

भर उन्हात एफ/१.४ वापरण्याची हौस या कॅमेऱ्यावर सहज भागत नाही. आयएसओ १०० वर लख्ख उन्हात एफ/१६ ला साधारण १/१०० सेकंद लागतो, हा जुना हिशेब धरला तर एफ/१.४ ला १/१२८०० लागेल, आणि या कॅमेऱ्याचे शटर १/४००० वर थांबते. शिवाय त्याचा पहिला पडदा इलेक्ट्रॉनिक आहे. फार वेगात आणि उघड्या ॲपर्चरला पार्श्वभूमीतील प्रकाशाची गोल वर्तुळे एका बाजूने कापल्यासारखी दिसतात. पूर्ण इलेक्ट्रॉनिक शटर आणखी वेगाने चालते, पण हलत्या वस्तू तिरप्या होतात आणि एलईडी दिव्याखाली पट्टे उमटतात. सुदैवाने वडिलांच्या तिन्ही निकॉरचा फिल्टरचा आटा ५२ मिमीचा आहे, त्यामुळे प्रकाश आठपट कमी करणारा एकच एनडी फिल्टर तिघींना पुरतो आणि वेग १/१६०० वर येतो.

ॲडॅप्टरवर पैसे वाचवू नयेत, हे मी दोन ॲडॅप्टर विकत घेतल्यावर शिकलो. पहिला ऑनलाइन मिळालेला सर्वांत स्वस्त होता. कोणाचा ते सांगण्यात अर्थ नाही, कारण तोच माल निरनिराळ्या नावांनी विकला जात असल्याची मला शंका आहे. लेन्स त्यात किंचित डुलत असे आणि नळीच्या आतील चमकदार काळा रंग उजेड परतवत असे. परंतु मुख्य घोटाळा जाडीचा निघाला. लेन्स अनंतापर्यंत खात्रीने पोहोचावी म्हणून असे ॲडॅप्टर अनेकदा मुद्दाम थोडे आखूड बनवतात. फरक दशांश मिलिमीटरचा असला, तरी ३५ मिमीच्या लेन्सवर ०.१ मिमी म्हणजे कड्यावर ३ मीटर लिहिलेले असताना प्रत्यक्ष फोकस जवळपास ४ मीटरवर जाणे. विशालकातून पाहून फोकस करणाऱ्याला याने काही बिघडत नाही. कड्यावरचे आकडे वाचून फोटो काढणाऱ्याचे सगळेच बिघडते.

वारीत मला ते आकडेच हवे होते. माउलींची पालखी पुण्याहून सासवडकडे जाताना दिवे घाट चढते, त्या गर्दीत विशालक वापरायला ना जागा असते ना वेळ. म्हणून दुसरा, घट्ट बसणारा ॲडॅप्टर घेऊन मी घरी जमिनीवर मोजपट्टी अंथरली आणि ३५ मिमीवर ३ मीटरची खूण खरी आहे याची आधी खात्री केली. एफ/८ आणि ३ मीटर असे ठरवून ठेवले की साधारण १.९ पासून ७.३ मीटरपर्यंतचे सगळे पुरेसे स्पष्ट येते. मग वेग १/२५० धरायचा, आयएसओ कॅमेऱ्यावर सोडायचा आणि फोकसचे कडे विसरून जायचे. स्थिरीकरण हाताची थरथर जिरवते, वारकऱ्याचे पाऊल थांबवत नाही, म्हणून हा वेग सोडता येत नाही. बाजूला उघडणारा पडदा आडवा करून कॅमेरा छातीशी धरला होता आणि डोळे माणसांकडे होते. डोक्यावर तुळस घेतलेल्या एक आजी जवळ येऊन हसल्या, “माउली, निघाला का फोटो?” म्हणाल्या. तो निघाला होता, आणि त्यांच्या मागे घाटाच्या वळणापर्यंत पसरलेल्या पताकाही ओळखू येत होत्या. त्या दिवशी सहाशेच्या वर फोटो एकाच बॅटरीत झाले. लेन्सची मोटर चालवायची नसल्याचाही त्यात हात असावा.

चित्रांच्या गुणाविषयी थोडक्यात. ५० मिमी एफ/१.४ पूर्ण उघडी असताना उजळ कडांभोवती मऊ झाक सोडते, २.८ ला ती निवळते आणि ५.६ ला २४ मेगापिक्सेलचा सेन्सर कोपऱ्यांपर्यंत तृप्त होतो. १०५ मिमी पहिल्या आकड्यापासूनच धारदार आहे. स्टीव्ह मॅककरी यांचे १९८४ मधील ‘अफगाण मुली’चे छायाचित्र याच नाभीय लांबीच्या आणि एफ/२.५ च्या निकॉरने घेतलेले आहे, हे वडिलांना ठाऊक होते आणि ते दर पाहुण्याला सांगत. रेंजफाइंडरच्या रुंद लेन्स मात्र या कॅमेऱ्यावर जपून निवडाव्यात. सेन्सरवरच्या काचेच्या थरातून तिरपे किरण जाताना कोपरे पुसट होतात. मित्राची २१ मिमीची लेन्स लावून मी ते पाहिले आणि परत केली.

राहिली बुरशी. कोकणातील दमट हवेत वर्षानुवर्षे पडून असलेल्या १०५ मिमीच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे पसरले होते. मुंबईत फोर्टातल्या बोरा बाजारात एका वयस्कर कारागिराने ती खोलून स्वच्छ केली. मागच्या भिंगाच्या लेपावर एक फिकट डाग राहिला आहे, तो फक्त समोरून ऊन आल्यावर दिसतो. आता सगळ्या लेन्स घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या आणि आर्द्रतामापक यांच्यासह असतात. वडील अजूनही डबा उघडून कडी फिरवतात, फक्त आता मी त्यांना लगेच झाकण लावायला सांगतो.