पाणी ८५ अंश, अंघोळ गार! डीएस१८बी२० एक हिवाळा वापरल्यावर

डीएस१८बी२० हा तापमान मोजणारा छोटासा सेन्सर. त्याच्या तीन वायरी कुठे लावायच्या, ईएसपीहोममध्ये (सेन्सर वाय-फायवर आणणारं सॉफ्टवेअर) काय लिहायचं, हे सगळं इतरत्र मिळेल. मी इथे एका आकड्याबद्दल तक्रार करायला बसलोय. तो आकडा म्हणजे ८५.

आम्ही सिंहगड रोडला, सगळ्यात वरच्या मजल्यावर. सोलरची टाकी अगदी डोक्यावर. तरी थंडीत आदल्या दिवशी ढग आले, किंवा शेजारच्यांनी रात्रीच बादल्या भरून ठेवल्या, की पहाटे पाणी कोमट. मग ‘कशाला रिस्क’ म्हणून घरोघरी गिझर लागतो आणि वरचं फुकटचं पाणी तसंच राहतं. २५ लिटर पाणी २० अंशांवरून ४५ ला न्यायचं तर साधारण पाऊण युनिट जातं. रोज! ते काही मला बघवेना. म्हणून टाकीला हा सेन्सर लावला आणि होम असिस्टंटला (घरातली उपकरणं आपोआप चालवणारं सॉफ्टवेअर) सांगितलं की पहाटे पाणी ४२ च्या खाली असेल तरच गिझर लाव. (गिझर २००० वॉटचा, म्हणजे जवळपास ९ अँपियर. त्यावर तो निळा १० अँपियरचा रिले, म्हणजे विजेवर चालणारा छोटा स्विच, लावू नका. कॉन्टॅक्टर, म्हणजे तसाच पण दणकट स्विच, घ्या आणि ते काम इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या.)

जानेवारीतल्या एका पहाटे बाबा अंघोळीला गेले. गिझर बंद, नळाला गार पाणी. मोबाइलवर बघतो तर टाकी ८५ अंश.

“८५ ला चहा होतो,” बाबा बाहेर येऊन म्हणाले, “अंघोळ का होत नाही ते विचार तुझ्या त्या डब्याला.”

हा ८५ मोजलेला नसतोच. चिपला वीज मिळाली की तिच्या रजिस्टरमध्ये हाच आकडा आधीपासून भरलेला असतो. पहिलं मोजमाप व्हायला १२ बिटला, म्हणजे सगळ्यात बारीक मोजणीला, ७५० मिलिसेकंद लागतात. तेवढ्यात कुणी विचारलं, किंवा लांब केबलवर व्होल्टेज क्षणभर बसून चिप रीसेट झाली, की बाईसाहेब ठामपणे ८५ सांगतात. वायर तुटली तर लायब्ररी (सेन्सर वाचणारा तयार कोड) उणे १२७ दाखवते, ते निदान कुणालाही खोटं वाटेल. ८५ चं तसं नाही. मे महिन्यात घर बंद असलं की नळ्यांच्या सोलरमध्ये पाणी ८० च्या वर जाऊ शकतं. माहीत नसेल तर गप्प बसावं ना!

विकणाऱ्याला ऑनलाइन लिहिलं. उत्तर आलं, रीडिंग येतंय म्हणजे प्रॉडक्ट चालू आहे. परत घेणार नाही, कारण टोकाला सोल्डर केलंय. सोल्डर न करता काय गाठ मारायची होती?

शेवटी पुण्यातली इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांची तपकीर गल्ली गाठली. दुकानातल्या काकांनी सेन्सरकडे बघितलंही नाही. “वायर किती मीटर?” एवढंच विचारलं. मी सांगितल्यावर ४.७ के चा पुल-अप (डेटाच्या वायरला जोडलेला रेझिस्टर) काढून २.२ के लावायला सांगितला, सेन्सरच्या तोंडाशी १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर दिला आणि साध्या बेल वायरऐवजी कॅट-६ केबल मोजून दिली. दोन वायरींवर भागवायचा नाद सोडा, तिसरी पॉवरची वायर लावाच, हेही बजावलं. तेव्हापासून ८५ जवळपास गायब आहे.

अचूकतेवर लोक फार भांडतात. मी घरीच तपासलं. बर्फाच्या पाण्यात शून्याच्या किंचित वर, उकळत्या पाण्यात ९८ च्या आसपास. १०० का नाही म्हणून बाद करू नका. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच आहे, इथे पाणी ९८ लाच उकळतं. कंपनीची अर्ध्या अंशाची हमीही उणे १० ते ८५ एवढ्याच टप्प्यात आहे. अंघोळीला तेवढी पुरे.

खरा फरक पडतो सेन्सर कुठे लावला यावर. आधी तो गरम पाण्याच्या पाइपला बाहेरून बांधला होता. रात्रभर पाणी वाहत नाही, पाइप गार पडतो, टाकीत ५५ असलं तरी सेन्सर पहाटे १८ सांगतो. आता टाकीच्या बॅकअप हीटरसाठी थर्मोस्टॅटची जी नळी असते तिच्यात थर्मल पेस्ट लावून खोचलाय आणि तोंड फोमने बंद केलंय.

मध्यंतरी वैतागून फ्रीजसाठी तयार, वायरशिवाय चालणारा झिगबी सेन्सर घेतला, किंमत दहापटीच्या आसपास. दिसायला देखणा, बसवायला दोन मिनिटं. त्याचा सेल संपला, तरी स्क्रीनवर ४ अंश झळकतच होते. झेडएचएमध्ये (होम असिस्टंटला झिगबी जोडणारा भाग) सेलवरचं उपकरण सहा तास गप्प राहिलं तरच ‘अनुपलब्ध’ धरतात. फ्रीज गार नाही हे कळेपर्यंत दूध नासलं. तेव्हा ८५ बद्दलचं माझं मत जरा मवाळ झालं. तो खोटा आकडा निदान दरवेळी तोच असतो, पकडता येतो. हा तर काल खरा असलेला आकडा आज खपवतो.

आता कोडमध्ये ८५ आणि उणे १२७ दोन्ही गाळतो. टाकी एका मिनिटात दहा अंश चढली तरी विश्वास ठेवत नाही. पंधरा मिनिटं धड रीडिंग नाही आलं तर गिझर लागतो. पाऊण युनिट गेलं तर गेलं, पण बाबांची बोलणी नकोत.

पाचपैकी चार तारे. घेणार असाल तर एकदम दोन घ्या, शंभरेक रुपयांचा मामला आहे. आणि सोल्डरिंग गन तापवण्याआधी क्रोकोडाइल क्लिप लावून रात्रभर चालवून बघा, म्हणजे परत करायची वेळ आली तर टोकं कोरी दाखवता येतील.