शिकेकाई की सलोनचा शाम्पू?

केस महिन्याला साधारण १ सेंटिमीटर वाढतात. म्हणजे कमरेपर्यंतच्या वेणीचं टोक पाच-सहा वर्षं जुनं असतं. शाम्पू निवडताना विचार करायचा तो या टोकाचा.

शिकेकाई-रिठ्यात सॅपोनिन असतं, त्यानेच फेस येतो आणि मळ सुटतो. आठवड्यातून एकदा न्हाणाऱ्यांना, बेताचं तेल लावणाऱ्यांना ती छान मानवते. मात्र चापून तेल लावलं असेल तर एका धुण्यात निघत नाही. पुन्हा चोळावं लागतं, आणि ओले लांब केस चोळले की गुंता होतो, केस तुटतात. काढा नीट गाळला नाही तर चोथा वेणीत अडकतो तो वेगळाच. डोळ्यांत गेलं तर चांगलीच आग होते, लहान मुलींना जपा.

सलोनच्या बाटलीची किंमत नव्हे, मागची घटकांची यादी वाचा. सुरुवातीलाच सोडियम लॉरिल सल्फेट, म्हणजे फेस आणणारा कडक घटक, दिसलं तर लांब, कोरड्या केसांसाठी ती नको. सोडियम कोकॉइल आयसेथिओनेट हा फेस आणणारा दुसरा घटक असलेला शाम्पू सौम्य असतो. रंगवलेल्या केसांना तोच बरा.

मी स्वतः हा सौम्य शाम्पूच घेते. फक्त टाळूला लावते. खाली ओघळणारा फेस टोकांना पुरतो.