फ्लेक्सी की लाइनरच्या पेट्या? बडोद्याहून तेल पाठवताना

नंदेसरीपासून पोर-सावलीपर्यंत ज्यांचा द्रव माल परदेशी जातो आणि तो धोकादायक वर्गात मोडत नाही, त्यांच्यापुढे शेवटी दोन पर्याय उरतात. वीस फुटी कंटेनर भरून एकच मोठी पिशवी, म्हणजे फ्लेक्सी. नाहीतर हजार-हजार लिटरच्या पेट्या, प्रत्येकीत आपापलं लाइनर, म्हणजे आतली प्लास्टिकची पिशवी. मी एरंडेल आणि त्यापासून होणारे काही पदार्थ पाठवण्याचं काम बघतो. दोन्ही प्रकार वापरले आहेत, आजही वापरतो. तरी निवड माझ्यावर सोडली तर माझा कल कुठे जाईल ते मला माहीत आहे, आणि त्याचं कारण एकच आहे. त्याच्याकडे येतोच.

ड्रम आणि आयएसओ टँक आधी बाजूला काढतो. ड्रम पॅलेटशिवाय लावले तर वीस फुटीत ८० बसतात. हमाली भरपूर, मधल्या पोकळ्या वाया, आणि प्रत्येक ड्रमच्या तळाला घट्ट तेल राहतं ते वेगळंच. आयएसओ टँक, म्हणजे कंटेनरच्या मापाच्या चौकटीत बसवलेली टाकी, उत्तम वस्तू आहे. स्टेनलेस स्टीलचा, वाफेने गरम करता येतो, धोकादायक मालही नेतो. पण तो धुवून परत जायला हवा, आणि वर्षात मोजकेच टँक पाठवणाऱ्याला त्या परतीच्या प्रवासाचा भार सोसत नाही.

उरल्या फ्लेक्सी आणि पेटी. दोन्हीत प्लास्टिकच्या पातळ थराचं काम सारखंच: माल गळू द्यायचा नाही, त्यात काही मिसळू द्यायचं नाही. वजन पेलणं हे त्या थराचं काम नाही. ते बाहेरच्या भिंतीचं. फ्लेक्सीत ती भिंत कंटेनरची असते, पेटीत पेटीची. म्हणून कोणी विचारलं तर मी किंमतपत्रक काढण्याआधी हेच विचारतो, की तुमचा माल कोणाच्या भिंतीला टेकणार आहे? शिपिंग लाइनच्या की तुमच्या स्वतःच्या?

फ्लेक्सीचं पारडं हिशोबात जड आहे, यात वाद नाही. पिशव्या साधारण १६,००० ते २४,००० लिटरच्या मिळतात. एरंडेलाची घनता ०.९६ च्या आसपास, म्हणजे मोठ्या पिशवीत २२-२३ टन आरामात जातं. पेट्या एका थरात १० आणि दोन थरांत २० बसल्या तरी १९ टनांच्या पुढे जाता येत नाही. भाडं कंटेनरचं असतं, त्यामुळे किलोमागे फरक पडतो. शिवाय एक नळी, एक व्हॉल्व्ह, एकदा पंप सुरू केला की काम संपेपर्यंत तिथेच. कांडला-मुंद्राकडून साधं कमर्शियल एरंडेल मोठ्या प्रमाणात पाठवणारे फ्लेक्सी वापरतात ते उगीच नाही.

एक गोष्ट मात्र नव्यांच्या लक्षात लवकर येत नाही. फ्लेक्सी अर्धी भरून चालत नाही. ढिली पिशवी आतल्या आत हेलकावते आणि तेच तिला फाडतं. म्हणून पिशवीचं माप मालाच्या घनतेवरून ठरवायचं असतं. ग्लिसरीनची घनता १.२६, त्यामुळे २४ टनांची मर्यादा धरली तर ते १९,००० लिटरलाच संपतं. त्याला मोठी पिशवी घेतली तर ती ढिली राहणार. ग्राहकाने ऐन वेळी ऑर्डर चार टनांनी कमी केली तर पेट्यांत चार पेट्या कमी जातात. फ्लेक्सीत पिशवीच बदलावी लागते.

आता ते कारण. फ्लेक्सीसाठी कंटेनर चांगला लागतो, आणि चांगला म्हणजे नेहमीच्या अर्थाने चांगला नव्हे. रिकामा कंटेनर मग तो जवळच्या आयसीडीतून, म्हणजे बंदरापासून दूरच्या कंटेनर डेपोतून येवो की हजिरा बंदराहून, यार्डातला माणूस वर असेल तो उचलून देतो. कंटेनर गेटवर आला की मी फिटरबरोबर, म्हणजे पिशवी बसवणाऱ्या माणसाबरोबर आत जातो, दारं बाहेरून लावून घेतो आणि कुठून उजेड येतो का ते पाहतो. मग फरशी. आधीच्या मालाला कोणीतरी लाकडी ठोकळे ठोकलेले असतात. ठोकळे निघतात, खिळे राहतात. कधी प्लायमधून नुसतं टोक वर आलेलं असतं, नजरेला दिसत नाही, हात फिरवल्यावर लागतं. भिंतीवर पॅच मारलेला असेल तर वेल्डिंगचे दाणे आतल्या बाजूला तसेच. कधी आधीच्या मालाचा वास बसलेला. कधी दाराजवळच्या उभ्या खाचा वाकलेल्या, त्यामुळे पिशवीला दाराकडून अडवणाऱ्या स्टीलच्या आडव्या पट्ट्या त्यात बसतच नाहीत. आणि कधी बाजूची भिंत आधीच बाहेर फुगलेली.

हे सगळं बघण्यामागे नुसती चिकित्सा नाही. आयएसओ १४९६-१ या कंटेनरच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे कंटेनरच्या बाजूच्या भिंतीची चाचणी होते तेव्हा परवानगी असलेल्या मालाच्या वजनाच्या ०.६ पट भार संपूर्ण भिंतीवर सारखा पसरून टाकतात. पुढच्या-मागच्या बाजूला ०.४ पट. भरलेली फ्लेक्सी मात्र कंटेनरच्या निम्म्या-पाऊण उंचीपर्यंतच येते, म्हणजे तिचा सगळा दाब भिंतीच्या खालच्या भागावर पडतो, आणि ट्रेलरने ब्रेक मारला की तो वाढतो. चांगला कंटेनर हे सहन करतो. थकलेला कंटेनर फुगतो, आणि परत करताना त्या फुगवट्याचं बिल आपल्या नावावर येऊ शकतं. म्हणून नाकारावा लागतो.

नाकारला की ट्रेलरचालक म्हणतो, ‘साहेब, आ चाली जशे.’ त्याचंही खोटं नसतं. कापसाच्या गाठींना किंवा टाइल्सच्या खोक्यांना तो कंटेनर खरंच चालेल. पण २२ टन तेलाच्या पिशवीखाली एक खिळा पुरतो. मग फोन सुरू: शिपिंग लाइनला, सीएचएला (कस्टमचं काम बघणाऱ्या एजंटला), ट्रान्सपोर्टरला. ट्रेलरचं हॉल्टिंग, म्हणजे थांबून राहण्याचे पैसे, कोण देणार यावर बोलणी. कंटेनरचा नंबर बदलला म्हणून कागद पुन्हा. दुसरा कंटेनर येईपर्यंत फिटर दुसऱ्या कारखान्यात निघून गेलेला असतो. इकडे टाकीत तेल भरायच्या तापमानाला आणून ठेवलेलं, आणि तिकडे जहाजाचं कट-ऑफ, म्हणजे कंटेनर बंदरात पोचवायची शेवटची वेळ, कोणासाठी थांबत नाही. पावसाळ्यात यात ओल्या फरशीची भर पडते. माल तयार, ग्राहक तयार, पिशवी तयार, आणि सगळं अडलेलं असतं ते ज्यावर आपला काही ताबा नाही अशा एका लोखंडी खोक्यापाशी. काही लाइन फ्लेक्सीसाठी वेगळा चांगला कंटेनर देण्याचं मान्य करतात, काही फ्लेक्सी घेतच नाहीत. तुमचं एखाद्या लाइनशी नीट जमलेलं असेल तर हा त्रास तुम्हाला माझ्याइतका होणार नाही, हेही खरं.

पेटीत हा प्रश्न उरत नाही. भिंत आपली असते. कंटेनर कोरडा हवा, छत गळकं नको, फरशीने फोर्कलिफ्टचं वजन झेललं पाहिजे, बस. त्याहून मोठा फायदा मला उशिरा जाणवला: पेट्या कंटेनर यायच्या आधीच भरून ठेवता येतात. उत्पादन सोमवारी झालं, पेट्या मंगळवारी भरल्या, वजन करून गोदामात लावल्या, कंटेनर शुक्रवारी आला की फोर्कलिफ्टने आत. फ्लेक्सीत माल, पंप, फिटर आणि कंटेनर ही चारही एकाच वेळी एकाच अंगणात हजर लागतात. व्हीजीएम, म्हणजे कंटेनरचं पडताळलेलं एकूण वजन, १ जुलै २०१६ पासून जहाजावर चढवण्याआधी द्यावंच लागतं. पेट्यांत प्रत्येकीचं वजन आधीच लिहिलेलं असल्याने तेही बेरीज करून, त्यात आधाराचं लाकूड आणि कंटेनरचं स्वतःचं वजन मिळवून सुटतं. आणि गळतीचं बोलायचं तर, लाइनर गेलं तर एका पेटीतला माल जातो. फ्लेक्सी गेली तर सगळाच, वर बंदरात साफसफाईचा खर्च.

पेटीचे दोष लपवत नाही. पहिला आणि सगळ्यात मोठा म्हणजे तळाला राहणारं तेल. एरंडेल २५ अंशांनाही पाण्यापेक्षा शेकडो पट घट्ट असतं, आणि १० अंशांवर त्याच्याही तिप्पट-चौपट. पेटी रिकामी होत आली की लाइनर सैल पडतं, त्याची घडी व्हॉल्व्हच्या तोंडावर ओढली जाते आणि पंप नुसता घरघरतो. आम्ही काही कच्चा माल अशाच पेट्यांतून मागवतो, त्यामुळे हे दुसऱ्या बाजूने, रिकामं करणाऱ्याच्या जागी उभं राहून पाहिलं आहे. पेटीच्या मागच्या कडेखाली पाचर घालायची आणि एका माणसाने लाइनर वरून उचलून धरायचं, बऱ्यापैकी निघतं. तरी प्रत्येक पेटीत थोडं राहतंच, आणि ते थोडं वीस वेळा राहतं. फ्लेक्सीतही राहतं, पण एकदाच. पिशवी मागून गुंडाळत आणली की पुष्कळसं येतं. फक्त थंड देशात ती उतरवायची असेल तर तापवायचा पॅड पिशवीखाली फिटिंगच्या वेळीच घालावा लागतो. नंतर सुचून उपयोग नाही.

लाइनर कोणतं घेता यावर हा दोष बराच अवलंबून आहे. उशीसारखं सपाट बनवलेलं लाइनर स्वस्त असतं, पण चौकोनी पेटीच्या कोपऱ्यांत त्याच्या घड्या पडतात आणि माल त्या घड्यांत अडकतो. पेटीच्या मापाचं, चौकोनीच बनवलेलं लाइनर थोडं महाग पडतं, पण घट्ट मालाला मी तेच घेईन. पातळ मालाला कदाचित फरक पडणार नाही.

दुसरा दोष पुठ्ठ्याचा. एकदाच जाणाऱ्या मालाला आम्ही जाड पुठ्ठ्याच्या पेट्या वापरतो. ज्या ग्राहकाकडून पेट्या परत येतात तिथे घडीच्या प्लास्टिकच्या. पुठ्ठा ओल पकडतो आणि ओला पुठ्ठा दबतो. जुलै-ऑगस्टमध्ये भरलेल्या पेट्या शेडच्या कडेला ठेवायच्या नाहीत, आणि कंटेनरमध्ये ओल शोषणाऱ्या पिशव्या टांगायच्या. थंड प्रदेशात शिरताना छतावरून पाणी ठिबकतं. दोन थर लावणार असाल तर ती पेटी तेवढ्या वजनाखाली उभी राहील असं पेटीवाल्याकडून लेखी घ्या.

मग कोणी काय घ्यावं? एकच माल, एकच ग्राहक, दर खेपेला पूर्ण कंटेनर, समोर त्याची वीस-पंचवीस टनांची टाकी तयार आणि लाइन भरवशाची, असं असेल तर फ्लेक्सी घ्या. मीही तिथे तीच घेतो. पण निरनिराळे ग्रेड, लहान ग्राहक, मागे-पुढे होणाऱ्या ऑर्डरी आणि कोणता कंटेनर येईल याची शाश्वती नाही, अशी गत असेल, आणि बडोद्याच्या बऱ्याच लहान कारखान्यांची ती आहे, तर किलोमागे थोडं जास्त भाडं देऊन मी पेट्याच घेईन. कट-ऑफ चुकला की तो वाचवलेला भाड्याचा पैसा किती उरतो, याचा हिशोब ज्याने त्याने आपल्या वहीत करून पाहावा. धोकादायक माल असेल तर हा प्रश्नच नाही. फ्लेक्सी त्याला चालत नाही, आणि पेटी यूएन मान्यतेचीच, म्हणजे धोकादायक मालासाठी तपासून शिक्का मारलेलीच लागते. एरंडेल त्यात येत नाही, एरंडीची पेंड मात्र धोकादायक मालाच्या वर्ग ९ मध्ये येते, एवढं ध्यानात असू द्या.

पेट्यांकडे वळलात तर ऑर्डर देण्याआधी उंची मोजा. वीस फुटीची आतली उंची २.३९ मीटर असली तरी दाराची २.२८ च्या आसपासच असते, आणि दोन थर फोर्कलिफ्टवर एकदम उचलून आत न्यायचे असतील तर तीच खरी उंची. पेटीखालचं पॅलेट लाकडी असेल तर त्यावर आयएसपीएम १५ चा, म्हणजे लाकडावर कीडनाशक प्रक्रिया झाल्याचा शिक्का हवा. व्हॉल्व्हचा आटा ग्राहकाच्या नळीला जुळतो का ते फोटो मागवून पाहा. आणि शेकडो पेट्या मागवण्याआधी एकच पेटी आणा, आपलंच तेल भरा, रात्रभर उघड्यावर ठेवा आणि जानेवारीतल्या सकाळी, बडोद्यात जेवढी थंडी पडते तेवढ्यात, आपल्याच पंपाने ती रिकामी करून पाहा. शेवटी लाइनर काढून वजन करा. त्यात राहिलेलं तेल गुणिले वीस, हा आकडा तुम्हाला चालतो की नाही ते तिथेच कळेल.