पाच-सहा बेडरूमचा बंगला: लोणावळ्यात घ्यावा की पवनेच्या काठावर?

पंधरा-वीस माणसांचं कुटुंब, सुट्टीत सगळे एकत्र आणि समोर पाणी, असं घर शोधणारे मुंबई-पुण्याचे लोक बहुतेक वेळा दोन जागांशी येऊन थांबतात. एक, लोणावळा नगरपरिषदेच्या हद्दीतला तयार बंगला, तुंगार्ली किंवा वळवण भागातला. दुसरी, पवना धरणाच्या आजूबाजूच्या गावांतला प्लॉट किंवा त्यावर बांधलेला बंगला. आमचा कल आधीच सांगतो: बारा महिने वापर होणार असेल तर लोणावळा. पवनेला जायचंच असेल तर एनए (बिनशेती) झालेल्या, मोजणी झालेल्या, स्वतंत्र सातबाऱ्याच्या जागेवरच.

देखावा पवनेचाच मोठा, यात वाद नाही. एका बाजूला तुंग किल्ला, दुसरीकडे तिकोना आणि मधे पाणी. पण प्लॉट दाखवले जातात ते पावसाळा संपता संपता, धरण तुडुंब असताना. हे पिंपरी-चिंचवडच्या पिण्याचं पाणी आहे. हिवाळा सरला की पातळी उतरत जाते आणि मे महिन्यात सपाट काठांवर पाणी लांब जाऊन मधे भेगाळलेला गाळ उरतो. म्हणून जागा मे महिन्यात एकदा बघाच. शिवाय कुंपण आणि पाणी यांच्यामधली पट्टी पुष्कळदा धरणासाठी संपादित झालेली सरकारी जमीन असते. तिथे डेक, बाग, जेट्टी काहीही केलं तरी ते अतिक्रमण ठरतं. बांधकामाबाबत जलसंपदा विभागाचं म्हणणं लेखी घ्या. विकणाऱ्याच्या शब्दावर राहू नका.

कागदपत्रांत तर दोन्हींची जातच वेगळी. लोणावळ्यात मिळकत पत्रिका, मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र बघायचं. इथे गोची होते ती वाढीव बांधकामाची: झाकलेली गच्ची, पार्किंगमध्ये काढलेली खोली, नकाशात नसलेला पोहण्याचा तलाव. नकाशा हातात धरून टेपने खोल्या मोजा. जेवढं नकाशात आहे तेवढ्याचेच पैसे द्यायचे. बंगला सोसायटीत असेल तर हस्तांतर शुल्क आणि बंगला भाड्याने देण्याबद्दलचे नियम आधीच विचारा.

पवनेला सुरुवात सातबाऱ्यापासून. जमीन शेतीची असेल तर शेतकरी नसलेल्याला ती परवानगीशिवाय घेता येत नाही. परदेशस्थ भारतीयांना शेतजमीन आणि फार्महाऊस, दोन्ही विकत घेता येत नाहीत. 'इतर हक्क' हा रकाना नीट वाचा. कुळाची नोंद, बोजा, वारसांचा वाद तिथेच दिसतो. जमीन भोगवटादार वर्ग २ ची, म्हणजे सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी, असेल तर सावध व्हा. धरणग्रस्तांना पुनर्वसनात मिळालेल्या जमिनी याच वर्गात येतात आणि परवानगीशिवाय झालेला व्यवहार शर्तभंग ठरतो. आणखी एक नेहमीची फसगत म्हणजे ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा मालकीचा पुरावा म्हणून पुढे केला जातो. तो घरपट्टीच्या आकारणीचा कागद आहे. तलाठ्याकडचा ८-अ, म्हणजे खातेदाराच्या जमिनींचा उतारा, वेगळा, आणि तोही सातबारा व फेरफारांबरोबरच वाचायचा.

एका गटात आठ-दहा सामायिक खातेदार आणि त्यातला 'तुमचा' दहा गुंठ्यांचा कोपरा नुसता चुन्याने आखलेला, असा प्लॉट कितीही स्वस्त असला तरी घेऊ नये. दहा गुंठे म्हणजे १०,८९० चौरस फूट. ते भूमी अभिलेख विभागाच्या मोजणी नकाशाच्या 'क' प्रतीवर, हद्दीच्या खुणांसह दिसले पाहिजेत. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेवर प्लॉट पाडून विकले जात असतील तर महारेराचा (राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाचा) नोंदणी क्रमांक मागा. रस्ता डांबरी आहे एवढ्यावर समाधान मानू नका. तो कुणाच्या गटातून जातो आणि तुमचा वहिवाटीचा हक्क नोंदवलेला आहे का, हे पाहा.

वापराच्या पाण्याचं गणित लोकांना चकवतं. धरण समोर दिसतं, पण खाली काळा कातळ आहे. काठावरची बोअरसुद्धा कोरडी जाऊ शकते. धरणातून परस्पर पंप लावता येत नाही. तीस फूट लांब, पंधरा फूट रुंद आणि सरासरी साडेचार फूट खोल तलाव भरायलाच सुमारे ५७,००० लिटर लागतात, म्हणजे दहा हजारी सहा टँकर. एप्रिल-मेमध्ये ते मिळतील का, ही चौकशी जवळच्या चालू बंगल्याच्या राखणदाराकडे करा. लोणावळ्यात नळाचं कनेक्शन असतं, तरी वीस माणसांसाठी जमिनीखालची मोठी टाकी हवीच.

पाऊस दोन्हीकडे झोडपतो, आणि जुना बंगला घेताना हीच खरी परीक्षा. पाहणी जुलैत करा आणि पश्चिमेच्या भिंतीला लागून असलेली कपाटं पुढे ओढायला लावा. पोपडे फरशीपासून फूट-दोन फुटांपर्यंतच असतील तर ओल जमिनीतून चढतेय. स्लॅबच्या कडेला असतील तर गच्ची गळतेय. मधेच, खिडकीच्या कोपऱ्यात असतील तर झड आत येतेय. शेवटचं छज्जा वाढवून आणि खिडकीच्या कडा नीट भरून सुटतं. सपाट गच्चीवर नुसता रसायनाचा हात दिला तर गळती पुन्हा डोकं वर काढते; स्लॅबवर उतरतं पत्र्याचं छप्पर हाच टिकणारा उपाय. पवनेला उतारावर बांधताना संरक्षक भिंतीला पाणी जायची भोकं आणि मागे खडीचा थर नसेल तर साठलेलं पाणी भिंत पुढे ढकलतं.

पोचण्याचं म्हणाल, तर लोणावळ्याला रेल्वे स्टेशन आहे, दवाखाने आहेत. शनिवार-रविवारी पावसात मात्र भुशी धरणाच्या बाजूला गाडी हलत नाही. पवनेला कामशेतवरून किंवा लोणावळ्याहून दुधिवरे खिंडीतून जायचं, वाट अरुंद आणि रात्री काळोखी. घरात वयस्कर माणसं असतील तर एवढा एक मुद्दा निर्णयाला पुरे.

विसार देण्याआधी वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट (मालकी आणि बोजांच्या जुन्या नोंदींचा शोध) करून घ्या आणि वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्या. विसारपावतीत अट घाला: मोजणीत क्षेत्र कमी भरलं किंवा हरकत आली तर पैसे परत. व्यवहार पन्नास लाखांचा किंवा त्यावरचा असेल तर एक टक्का कर कापून भरणं घेणाऱ्याकडे असतं. विकणारा परदेशस्थ असेल तर कपात पुष्कळ जास्त, म्हणून करासाठी तो निवासी आहे की अनिवासी, हे विसारापूर्वीच लेखी विचारा.