मिशनमधले बरिटो: काही महिने खाल्ल्यानंतरचं मत

बरिटो म्हणजे गव्हाच्या पातळ पोळीत, टॉर्टियात, बीन्स, मांस वगैरे भरून केलेली मेक्सिकन गुंडाळी. घाईत असलेल्यांसाठी निकाल आधीच सांगते. सॅन फ्रान्सिस्कोच्या मिशन भागात एकच बरिटो खायची सवड असेल तर 'ला टाकेरिया'त जा, कार्नितासचा मागा आणि मागताना 'दोरादो' म्हणायला विसरू नका. दोन दिवस हाताशी असतील तर दुसऱ्या दिवशी 'टाकेरिया कानकून'. रात्री उशिरा भूक लागली तर 'एल फारोलितो'. बरोबर शाकाहारी पाहुणे असतील तर 'पापालोते'. आता हे कशावरून, ते सविस्तर.

ऑफिस मिशनच्या जवळ आल्यापासून जवळजवळ दर आठवड्याला मी कुठल्या ना कुठल्या टाकेरियात, म्हणजे मेक्सिकन खाणावळीत, जेवते आहे. सगळीकडे ऑर्डर एकच: साधा कार्नितास बरिटो, अख्खे पिंटो बीन्स, तिखट सालसा. 'सुपर' घ्यायचा मोह मुद्दाम टाळला. सुपरमध्ये चीज, सावर क्रीम आणि ग्वाकामोले (अव्होकाडोची चटणी) येतं आणि त्या सगळ्या स्निग्धपणाखाली कोरडं मांस आणि अळणी भात सहज झाकला जातो. साध्या बरिटोत काही लपत नाही. पिंटो म्हणजे राजम्याच्याच जातीचा ठिपकेदार घेवडा. तो नीट शिजलाय की नाही हे आपल्याकडच्या कुणालाही पहिल्या घासात कळेल. कार्नितास म्हणजे चरबीत मंद आचेवर शिजवलेलं डुकराचं मांस. ते बाहेरून खरपूस आणि आतून मऊ असायला हवं, आणि ही दोन्ही कामं नीट जमलेली ठिकाणं थोडी आहेत.

माझी खरी परीक्षा मात्र शेवटच्या तीन-चार घासांची असते. पहिला घास सगळ्यांचाच चांगला लागतो. बरिटो उभा धरून, फॉइल सोलत सोलत खाली गेलं की मग खरं काय ते कळतं. बीन्सचं पाणी, सालसाचा रस, मांसाची चरबी हे सगळं बुडाशी साचलेलं असेल तर टॉर्टिया विरघळून फॉइलला चिकटते आणि शेवट चमच्याने खावा लागतो. म्हणून मी रांगेत उभी असताना मांसाकडे नाही, झाऱ्याकडे बघते. बीन्स काढणारा हात झारा भांड्याच्या कडेवर क्षणभर टेकवून पाणी निथळू देतो की तसाच टॉर्टियावर उपडा करतो, एवढं पाहिलं तरी शेवटच्या घासाचा अंदाज येतो. एका ठिकाणी, नाव घेत नाही, भर दुपारच्या गर्दीत बीन्स रश्शासकट घातले गेले आणि अर्धा बरिटो माझ्या कुर्त्यावर आला. चव वाईट नव्हती, पण मी तिथे पुन्हा गेले नाही.

भाताचा वाद इथूनच सुरू होतो. मिशनच्या बरिटोत भात असतो आणि पुष्कळांना तो पोट भरायला घातलेली भर वाटते. मला तसं वाटत नाही. भात ओलावा धरून ठेवतो. तो नीट मोकळा शिजलेला असेल तर बुडाशी पाणी साचतच नाही. उत्तर मेक्सिकोत, जिथून बरिटो आला, तिथे तो बारीक असतो आणि आत एखाददुसराच पदार्थ असतो. तिथला सोनोरा प्रांत हा गव्हाचा मुलूख. तिथल्या 'सोबाकेरा' टॉर्टिया दोन्ही हातांवर, कोपरापर्यंत ताणून इतक्या पातळ करतात की खानदेशातल्या खापरावरच्या मांड्यांची आठवण व्हावी. सॅन फ्रान्सिस्कोत आल्यावर बरिटोचा आकार फुगला. फॉल्सम स्ट्रीटवरच्या 'एल फारो' या कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाचं म्हणणं असं की १९६१मध्ये जवळच्या अग्निशमन केंद्रातल्या जवानांसाठी त्यांनी पहिला मोठा बरिटो केला. व्हॅलेन्सिया स्ट्रीटवरच्या 'ला कुम्ब्रे'चा दावा २९ सप्टेंबर १९६९चा आहे. पहिला मान कुणाचा यात मला पडायचं नाही, पण कष्टाची कामं करणाऱ्यांना एका हातात मावणारं पूर्ण जेवण हवं होतं हे दोन्ही दाव्यांतून दिसतं, आणि त्यात भाताला जागा होती. आपल्यापैकी बहुतेकांना 'चिपोटले' या उपाहारगृहांच्या साखळीमुळे बरिटो माहीत झाला. त्याचे संस्थापक स्टीव्ह एल्स यांनीही सॅन फ्रान्सिस्कोत स्वयंपाकी असताना मिशनमधल्या टाकेरिया पाहिल्या होत्या आणि मग १९९३मध्ये डेन्व्हरला पहिलं दुकान काढलं.

आणि तरीही माझ्या यादीत पहिला नंबर भात न घालणाऱ्या दुकानाचा आहे. 'ला टाकेरिया' १९७३पासून मिशन स्ट्रीट आणि पंचविसाव्या रस्त्याच्या चौकाजवळ आहे. तिथल्या बरिटोत भात नसतोच. मग ओलावा कसा सांभाळतात? एक तर बीन्स घट्ट असतात. दुसरं म्हणजे दोरादो. भरून गुंडाळलेला बरिटो तापलेल्या प्लांचावर, म्हणजे त्यांच्या मोठ्या सपाट तव्यावर, थोड्या तेलात फिरवून सोनेरी होईपर्यंत भाजतात. टॉर्टियावर कुरकुरीत पापुद्रा येतो आणि रस आत राहिला तरी ती फाटत नाही. पहिल्या घासाला दाताखाली कुर्र होतं आणि लगेच आतलं मांस लागतं, कारण मध्ये भात नाही. कार्नितासचे तुकडे मोठे, कडांना काळपट तांबूस, आत ओलसर. २०१४मध्ये नेट सिल्व्हर यांच्या 'फाइव्हथर्टीएट' या आकडेवारीवर भर देणाऱ्या संकेतस्थळाने देशभरातल्या ६४ बरिटोंची स्पर्धा लावली होती, ती याच दुकानाने जिंकली. २०१७मध्ये जेम्स बिअर्ड फाउंडेशन या खाद्यक्षेत्रातल्या संस्थेचा 'अमेरिकाज क्लासिक्स' सन्मानही मिळाला. माझ्याकडून दहापैकी साडेनऊ. एक गोष्ट लक्षात ठेवा: दोरादो तिथेच बसून खायचा. फॉइलमध्ये गुंडाळून घरी नेला की वाफेने पापुद्रा मऊ पडतो आणि ज्यासाठी मागितला ते निघून जातं. बार्ट या इथल्या लोकल रेल्वेत खायला बंदी आहे, तेव्हा गाडीत उघडायचाही प्रश्न नाही.

'कानकून', मिशन स्ट्रीट आणि एकोणिसाव्या रस्त्याजवळ. नऊ. इथे टॉर्टिया वाफवण्याऐवजी तव्यावर शेकतात. इतर अनेक दुकानांत ती वाफेच्या यंत्रात दाबून मऊ करतात. त्याने घडी छान बसते, पण टॉर्टियाला स्वतःची चव राहत नाही. शेकलेल्या टॉर्टियाला भाजलेल्या गव्हाचा वास येतो आणि पोळी खाणाऱ्या माणसाला हा फरक ताबडतोब जाणवतो. सुपर घेतलात तर ग्वाकामोलेऐवजी अव्होकाडोच्या ताज्या फोडी मिळतात, हेही मला जास्त आवडतं. भाताचा बरिटो कसा असावा हे कुणाला दाखवायचं असेल तर मी इथेच नेते.

'एल फारोलितो', चोविसाव्या रस्त्यावरच्या बार्ट स्टेशनला लागून. साडेआठ. बरिटो प्रचंड, दोघांत एक पुरतो. इथे मी माझा नियम मोडून अल पास्तोर सुचवेन: मिरच्यांच्या वाटणात मुरवलेलं डुकराचं मांस. लेबनॉनहून मेक्सिकोत आलेल्या लोकांच्या शावर्मावरून ही पद्धत आली. मध्यरात्रीनंतरही रांग असते आणि रांगेत हॉटेलांतून काम संपवून आलेले आचारी असतात, हीच या जागेची सर्वांत मोठी शिफारस. या टाकेरियाचा स्वतःचा फुटबॉल संघ आहे आणि त्या हौशी खेळाडूंनी २०२४मध्ये यूएस ओपन कप या स्पर्धेत सेंट्रल व्हॅली फ्युएगो या व्यावसायिक संघाला हरवलं. ती बातमी वाचून मला मनापासून आनंद झाला होता.

'पापालोते' माझ्या नवऱ्याचं आवडतं. तो शाकाहारी आहे. भाज्या इथे भर म्हणून येत नाहीत, त्यांच्यावर मेहनत घेतलेली असते. पण खरी ख्याती सालसाची. भाजलेल्या टोमॅटोचा, केशरी रंगाचा, इतका गुळगुळीत की क्रीम घातलंय असं वाटावं. तो बाटलीतही विकत मिळतो आणि आमच्या घरी थालीपिठाबरोबर संपतो. साडेआठ, शाकाहारी बरिटोला नऊ.

शाकाहारी मंडळींसाठी एक गोष्ट ठळकपणे सांगायला हवी, कारण भारतातून आलेले पाहुणे 'बीन्स आणि भात' ऐकून निर्धास्त होतात. परतून घोटलेले 'रिफ्राइड' बीन्स पुष्कळ ठिकाणी डुकराच्या चरबीत करतात आणि भात चिकनच्या पाण्यात शिजवलेला असू शकतो. विचारायला संकोच करू नका. 'तिएने मान्तेका?' म्हणजे यात चरबी आहे का, आणि 'काल्दो दे पोयो?' म्हणजे चिकनचं पाणी घातलंय का. एवढ्या दोन प्रश्नांना मला प्रत्येक ठिकाणी सरळ उत्तर मिळालं आहे. एकदा तर काउंटरवरच्या बाईंनी स्वतःहून अख्खे काळे बीन्स घ्या म्हणून सांगितलं. एकाच तव्यावर मांस आणि टॉर्टिया दोन्ही भाजतात हेही ज्यांना चालत नसेल त्यांनी आधी बघून घ्यावं. दोरादो अर्थातच त्यांच्यासाठी नाही.

प्यायला हामाइका घ्या. अंबाडीच्याच कुळातल्या फुलांच्या बुडाशी असणाऱ्या लाल, जाडसर निदलांचं ते आंबटगोड सरबत असतं आणि कार्नितासच्या चरबीवर अगदी चपखल बसतं. ओर्चाता, म्हणजे तांदूळ आणि दालचिनीचं दुधट पेय, लहान मुलांना आवडतं. मला बरिटोबरोबर जड होतं.

अर्धा उरला तर मायक्रोवेव्हमध्ये ठेवू नका, टॉर्टिया आधी चिवट आणि मग चामट होते. फॉइल काढा, लोखंडी तवा मंद आचेवर ठेवा, घडीची बाजू खाली करून झाकण ठेवा, आणि सगळ्या बाजू एकेक करून शेका. वेळ लागतो, पण आतला भात गरम होईपर्यंत बाहेरून आपोआप दोरादो होतो. सुपर असेल तर आधी सावर क्रीम जमेल तेवढं काढून घ्या.